कोरडं वजन

डायलिसिसच्या वॉर्डात पेशंट डॉक्टरीणबाईंना ‘दुष्काळबाई’ म्हणत. तोंडावर नाही हो, एवढी छाती कुणाची! पण बाई खुर्च्यांच्या रांगेतून पुढे सरकल्या की मागे कुजबुज व्हायचीच, आणि ती बाईंच्या कानावर येत नव्हती असं मुळीच नाही. मनातून त्यांना ते नाव आवडायचं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, त्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत. बाईसुद्धा चारचौघांत मास्तरच म्हणायच्या.

“नशीब माझं,” मास्तर म्हणाले, “माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत.”

पुढे ती तशी राहिली नाहीत. पण ते नंतर.

बाईंचं उभं आयुष्य एका प्रश्नापायी गेलं: मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या अंगात पाणी नेमकं किती राहू द्यायचं? साधी गोष्ट आहे. लघवी बंद झाली की प्यायलेलं पाणी कुठेच जात नाही. ते पायांत उतरतं, फुप्फुसांत भरतं, हृदयाच्या मानगुटीवर बसतं. मशीन ते एक दिवसाआड ओढून काढतं. पण काढायचं किती, हे ठरवायला वजनकाट्याशिवाय दुसरं काय आहे? अंगात जादा पाण्याचा टिपूस नसताना माणसाचं जे वजन भरेल, ते त्याचं कोरडं वजन. मशीनला लावण्याआधी पेशंटला काट्यावर उभं करायचं, कोरड्या वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल तेवढं पाणी काढायचं, की झालं.

हे कोरडं वजन अचूक कसं ठरवायचं, याची रीत बाईंनी बसवली. त्यावर त्यांचे निबंध छापून आले, परदेशांतली बोलावणी आली, हाताखाली विद्यार्थ्यांची पिढी तयार झाली. पण बाईंचं खरं नाव झालं ते दुसऱ्या कामामुळे. प्रत्येक पेशंटला त्या प्रत्येक खेपेला विचारायच्या, “किती प्यायलात?” तो म्हणायचा, मोजूनमापून. बाई खुर्चीच्या पायथ्याशी उभ्याच. “खरं सांगा.” तो म्हणायचा, खरंच. बाई हलायच्या नाहीत. रागवायच्या नाहीत, आवाज चढवायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. शेवटी माणूस मान खाली घालून सांगायचा, प्यायलो, बाई. पेशंट काट्यालाही फसवतात, हेही बाईंना पाठ होतं. शेजारच्या कठड्यावर दोन बोटं टेकवली की वजन कमी भरतं, पाणी कमी काढलं जातं, पायात गोळे येत नाहीत. असले सगळे चोर बाईंनी पकडले, आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिलं की चोरून पाणी पिणारे लवकर मरतात. जगभरच्या वॉर्डांत त्या अभ्यासाचा दाखला देतात. एवढ्या जणांकडून खरं वदवून घेणं म्हणजे खायचं काम नाही, असं त्यांचे विद्यार्थी म्हणायचे.

मग मास्तरांच्या जुन्या मधुमेहाने डाव साधला आणि मास्तर याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले.

कागदोपत्री त्यांचा इलाज धाकटे डॉक्टर करत होते. धाकटे डॉक्टर म्हणजे बाईंचेच जुने विद्यार्थी, आता वॉर्डाचे प्रमुख. पण मास्तरांचं कोरडं वजन बाईंनी स्वतः ठरवलं. त्यात त्यांनी कुणाला हात घालू दिला नाही. घरी तर दुष्काळ जाहीरच झाला. मास्तरांच्या पेल्यावर रेघ मारली. चहा अर्धा कप. फळं बंद, सूप बंद, पातळ म्हणून जे काही असेल ते बंद. कोरडा घास घशाखाली उतरेना, म्हणून मास्तर जेवताना हळूहळू कमीच घेऊ लागले. बाईंना त्यात वावगं दिसलं नाही. पोट सुटलंय, जरा कमी झालं तर बरंच, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

मास्तरांची थट्टा मात्र चालूच होती. एक दिवस त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला काढला, वरच्या थेंबासकट, आणि कागद फ्रिजवर चिकटवला. “बघायला तर परवानगी आहे ना, डॉक्टरीणबाई?” बाई हसल्या. कागद काढून मात्र टाकला. पेशंटला मोहाची आठवण कशाला!

पुढे मास्तरांना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग खोलीतल्या खोलीत, मग आडवं पडलं की. उशांवर उशा रचून ते बसल्याबसल्या झोपू लागले. रक्तदाब चढा, घोट्यांवर सूज. धाकट्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि बाईंना बाजूला घेतलं.

“मॅडम, फुप्फुसांत पाणी आहे.”

“असणारच नाही. कालच कोरड्या वजनावर आणून सोडलंय त्यांना.”

“कोरडं वजन बदललं असेल. खाली आणून बघूया का थोडं? शिवाय ते नीट जेवतात का, हृदयाचं काय, हेही एकदा—”

“आधी ते पितात का ते बघू,” बाई म्हणाल्या. “आजवर मी ठरवलेलं वजन चुकलेलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. चुकतो तो पेशंट.”

धाकट्या डॉक्टरांनी नळी परत गळ्यात अडकवली. ज्यांनी आपल्याला नळी लावायला शिकवलं त्यांना काय सांगणार बापडे?

त्या संध्याकाळपासून घरात उलटतपासणी सुरू झाली. किती प्यायलात? मास्तर म्हणाले, रेघेपर्यंत. खरं सांगा. अगं खरंच. बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पण वॉर्डातल्यासारखं शांतपणे विचारणं बाईंना इथे साधेना. त्यांचा आवाज फाटायचा. “तुम्हाला मरायचंय का? मला तरी सांगा हो! मी परकी आहे का?” अशा रडवेल्या होऊन त्या बोलायच्या, आणि मास्तर श्वास जमवत त्यांच्याकडे बघत राहायचे. बाई बाहेर जाऊन मोरीतली बादली किती भरलीये ते बघून यायच्या. इतकी मोठी बाई, पण जीव टांगणीला लागला की माणसाचं हे असं होतं.

आणि एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, “बरं बाई, हो. पितो मी.”

बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

“कधी?”

“तू कामावर गेलीस की. मोरीतल्या नळाचं.”

“आणि काट्यावर?”

“कठड्याला टेकतो की. सगळेच टेकतात.”

बाईंनी कपाळाला हात लावला, मग मास्तरांचा हात हातात घेतला, आणि म्हणाल्या, आता काळजी नाही. रोग सापडला होता ना! वजन बरोबर, माणूस चुकार. सगळं जागच्या जागी बसलं. त्या रात्री बाईंना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. मास्तर उशांना टेकून बसले होते.

पुढची खेप आली तेव्हा बाई स्वतः काट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. भरल्या वॉर्डात, सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हात वर करा.” मास्तरांनी केले. आयुष्यभर पोरांना हात वर करायला लावणारा माणूस, पायजम्याची नाडी सुटते की काय या भीतीने पोट फुगवून, दोन्ही हात वर करून उभा राहिला. खुर्च्यांतले लोक दुसरीकडे बघू लागले. काट्याने नेहमीएवढंच वजन दाखवलं.

आता जरा डोकं थंड ठेवून बघा. कठड्याला टेकत असलेला माणूस टेकायचा थांबला तर वजन वाढायला हवं की नको? वाढलं नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण बाई काय म्हणाल्या? “बघा, लक्ष ठेवलं की पीत नाहीत. वजन बरोबर आलं की नाही?” धाकट्या डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहून घेतला. गंमत अशी की बाईंच्या सगळ्या अभ्यासात हेच होतं. पेशंट नाही म्हणाला तर तो खोटारडा, हो म्हणाला तर रीत खरी. बाईंच्या हातून ती रीत सुटेल कशी?

धाप काही थांबली नाही. मग बाईंनी घरातल्या नळांवर पाळत ठेवली. मोरीचं दार मास्तरांनी आतून लावायचं नाही, असा हुकूम निघाला. मास्तर अंगावर पाणी घेत असले की बाई दाराबाहेर उभ्या राहून आवाज ऐकायच्या. “चूळ भरताय का? थुंकलात ना?” आतून उत्तर यायचं, “थुंकलो गं बाई, थुंकलो.” पुढे पुढे उत्तर यायलाही वेळ लागायचा.

एका सकाळी उत्तर आलंच नाही. धपकन आवाज झाला.

बाई धावत आत गेल्या. मास्तर ओल्या फरशीवर भिंतीला पाठ लावून पडले होते, ओठ निळे, तोंड उघडं. बाईंनी काखेत हात घालून त्यांना उचललं, आणि उचलता उचलता त्यांच्या तळहातांना खांद्यांची हाडं लागली. नुसती हाडं. दंडावर मांस नव्हतं. मांड्या काडीसारख्या. आणि खाली कमरेवर, पाठीवर, अंग मऊ आणि फुगलेलं. बाईंनी कमरेवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

इतक्या महिन्यांत बाईंनी नवऱ्याला दर खेपेला तोललं होतं, रोज विचारलं होतं. अंगाला हात लावून तपासलं मात्र नव्हतं. आता सगळं हाताखाली होतं. माणूस उपाशी राहून राहून झिजला होता. जेवढं मांस गेलं तेवढं पाणी त्या जागी भरलं होतं, आणि काटा बिचारा दोन्हींचं वजन सारखंच दाखवत होता. कोरडं वजन केव्हाच खाली गेलं होतं. मशीन आपलं जुन्या आकड्याशी येऊन थांबत होतं, आणि खेपेमागून खेपेला थोडं थोडं पाणी आत ठेवून मास्तरांना घरी पाठवत होतं. बाईंना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. दरवर्षी नव्या डॉक्टरांना त्या हेच शिकवत, की पेशंट झिजला तर वजन पुन्हा ठरवा. स्वतःच्या घरात मात्र त्यांना एक कबुली मिळाली आणि त्यांनी शोधणंच सोडून दिलं.

“अहो,” बाई त्यांना छातीशी धरून ओरडल्या, “अहो, माझं चुकलं हो! ऐकताय ना?” शेजारचे धावून येईपर्यंत त्या तेच म्हणत राहिल्या.

मास्तरांना वॉर्डालगतच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. नाकाला नळी, हाताला सुया, शेजारी मशीन. साठलेलं पाणी एकदम काढता येत नाही, हृदयाला झेपत नाही, म्हणून धाकटे डॉक्टर रोज थोडं थोडं काढू लागले. पण पाण्याचा भार वाहून वाहून हृदय सैल पडलं होतं. धाकट्या डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीचं चित्र बाईंना दाखवलं. बाईंनी काही विचारलं नाही. असली चित्रं त्यांनी जन्मभर बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना जरा हुशारी वाटली. बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या.

“एक विचारू?”

“आता आणखी काय राहिलंय विचारायचं?” मास्तर हसले.

“तुम्ही खरंच प्यायला होतात का हो?”

“नाही गं. रेघेच्या वर एक थेंब नाही.”

“मग हो का म्हणालात?”

मास्तरांनी श्वास घेतला. “तू किती घाबरली होतीस! रोज विचारायचीस, रोज रडायचीस. मला बघवेना. हो म्हणालो आणि तू झोपलीस. मला वाटलं, एवढ्यावर भागतंय तर भागू दे.”

“अहो पण तुमचा जीव होता ना त्यात!”

“मला काय ठाऊक? तू एवढी मोठी डॉक्टर. माझ्या हो-नाहीवर तुझं औषध ठरत असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.”

बाई उठल्या. तिथे बसवेना म्हणून वॉर्डात गेल्या. सकाळची पाळी भरत होती. काट्यावर एक बाई उभी होती, नुकतंच डायलिसिस सुरू झालेली, अजून हॉस्पिटलच्या चपलांचीही सवय नसलेली. डॉक्टरीणबाई जवळून चालल्या होत्या, एवढंच. विचारायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण त्यांना पाहताच त्या बाईने हात जोडले.

“चुकलं, बाई. प्यायले मी.”

“मी कुठे काय विचारलं?”

“नाही, पण तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकावं म्हणजे लवकर सुटका होते, असं सगळे म्हणाले.”

बाईंनी रांगेकडे पाहिलं. खुर्च्यांतला प्रत्येक जण आपल्या मांडीकडे बघत होता. बाईंनी काट्याचा कठडा धरला. वर्षानुवर्षांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे यायला लागले. एक बस-कंडक्टर होता. देवाशपथ नाही प्यायलो, देवाशपथ नाही, म्हणत राहिला, आणि शेवटी हुंदके देत म्हणाला, प्यायलो. त्याच महिन्यात तो गेला. बाई पुढे कित्येक वर्षं भाषणांत त्याचं उदाहरण द्यायच्या, न ऐकणाऱ्या पेशंटचं म्हणून. त्याच्या दंडाला तरी कुणी हात लावून पाहिला होता का? यातले किती जण खरंच प्यायले होते, आणि किती जणांनी नुसतं बाईंना खुर्चीच्या पायथ्यापासून हलवायचं म्हणून हो म्हटलं होतं? आता कुणाला विचारणार? बहुतेक सगळे गेले होते, आणि जे होते ते मांडीकडे बघत होते.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” बाई त्या नव्या बाईला म्हणाल्या. तिचा विश्वास बसला नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. “खरंच प्यायले हो मी,” ती घाईघाईने म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर धावत आली. मास्तरांचा रक्तदाब घसरत होता.

खोलीत धाकटे डॉक्टर मशीनपाशी वाकून उभे होते. मास्तरांच्या कपाळावर घाम होता, श्वास वरच्या वर चालला होता.

“मॅडम, फुप्फुसं अजून भरलेली आहेत,” ते म्हणाले. “आज एवढं पाणी निघालं नाही तर रात्र निभायची नाही. पण हृदय कुरकुर करतंय की काय, तेही कळत नाही. हृदयाच्या आलेखाची पट्टी धड काही सांगत नाही. छातीत दुखत असेल तर ताबडतोब थांबवायला हवं, नसेल तर रेटायला हवं. मी दोनदा विचारलं, ते नुसते बरं आहे म्हणतात. तुम्ही विचारा. तुम्हाला सांगतील.”

बाई पलंगाच्या पायथ्याशी आल्या. आपण कुठे उभ्या आहोत ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पटकन उशाशी गेल्या, खाली बसल्या, मास्तरांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“अहो, इकडे बघा. छातीत दुखतंय का?”

मास्तरांनी डोळे उघडले. कष्टाने, पण नीट लक्ष देऊन, ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघू लागले. डोळ्यांकडे, मग ओठांकडे, परत डोळ्यांकडे.

“माझ्या चेहऱ्याकडे बघून नका सांगू! मला काही वाटणार नाही, मी रडणार नाही, घाबरणार नाही. फक्त खरं काय ते सांगा. तुमच्या पाया पडते. दुखतंय की नाही?”

धाकटे डॉक्टर मशीनच्या बटणावर बोट ठेवून थांबले होते. बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून दात घट्ट आवळले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मास्तरांचा हात चाचपडत वर आला आणि त्यांनी ते पुसलं.

“रडू नकोस गं,” ते म्हणाले. “काय म्हणू, सांग. तेच म्हणतो.”